केबल बंद करून केवळ ओटीटीवर भागेल का?

केबल आणि ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून ॲपद्वारे चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा, यांचे काम नेमके कसे चालते, आणि दोन्हींचे पैसे भरण्याऐवजी केबल बंद केली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. आई रोज संध्याकाळी मराठी मालिका पाहतात आणि आपण क्रिकेट व चित्रपट पाहता, असेही आपण लिहिले आहे. मी काही वर्षे एका जिल्ह्याच्या गावी केबलच्या कंट्रोल रूममध्ये काम केले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वाहिनी आपले प्रक्षेपण उपग्रहाकडे पाठवते आणि कंट्रोल रूमच्या गच्चीवरच्या मोठ्या डिश ते उतरवून घेतात. मग सर्व वाहिन्या एकत्र करून, कुलूपबंद करून फायबरवर सोडल्या जातात आणि स्थानिक केबलवाल्याच्या तारेतून घरोघरी पोहोचतात. आपण एकच वाहिनी पाहत असलात तरी त्या क्षणी तारेतून सगळ्याच वाहिन्या वाहत असतात. सेट-टॉप बॉक्स त्यांतली हवी ती निवडतो आणि तिचे पैसे भरलेले असतील तरच कुलूप उघडतो. त्यामुळे एखादा सामना शंभर घरांनी पाहिला काय किंवा लाख घरांनी पाहिला काय, तारेवरचा भार तेवढाच राहतो.

ओटीटीमध्ये तारेतून आधीपासून काहीच वाहत नसते. आपण बटण दाबल्यावर आपल्या एकट्यासाठी चित्रपट निघतो, आणि तोही अखंड नव्हे, तर काही सेकंदांच्या तुकड्यांत. प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जांत आधीच तयार करून ठेवलेला असतो आणि आपल्या इंटरनेटचा वेग पाहून ॲप पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते. चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते ते यामुळेच. प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा प्रवाह दूरच्या केंद्रातून आणणे फार खर्चाचे असल्याने लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळ साठवल्या जातात. नेटफ्लिक्स तर यासाठी स्वतःची यंत्रे इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत बसवते. थेट सामन्यात मात्र आधी साठवून ठेवण्यासारखे काही नसते. तुकडे तयार होऊन पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात, आणि केबल असलेल्या शेजारघरातून जल्लोष ऐकू येतो तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत असतो.

पैशांचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बॉक्स येण्यापूर्वी किती घरे जोडली आहेत हे केबलवाल्याच्या वहीलाच ठाऊक असे, आणि वाहिन्यांना पैसे मिळत ते त्याने सांगितलेल्या आकड्यावर. मुंबईत 2012 मध्ये आणि पुण्यासारख्या शहरांत 2013 मध्ये बॉक्स सक्तीचे झाले. लहान गावांची पाळी 2017 पर्यंत आली. त्यानंतर 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या दूरसंचार व प्रसारण क्षेत्राच्या सरकारी नियामक संस्थेची नवी दरपद्धत लागू झाली. तिच्यात जोडणीचे शुल्क वेगळे आणि वाहिन्यांची किंमत वेगळी झाली. पहिल्या 100 वाहिन्यांसाठी जोडणीचे कमाल शुल्क 130 रुपये, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, असे ठरले. पुढे तेवढ्याच पैशांत 200 वाहिन्या देणे बंधनकारक झाले आणि 2024 मध्ये ही कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. सशुल्क वाहिनीची किंमत मात्र वाहिनी स्वतः जाहीर करते आणि ती सुटी घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. केबलवाले पॅकच पुढे करतात, म्हणून हा हक्क फार थोड्या लोकांना माहीत आहे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

ओटीटीच्या वर्गणीला अशी सरकारी मर्यादा कधीच नव्हती. तिथे आपण वाहून आणण्याचे पैसे इंटरनेट कंपनीला आणि पाहण्याचे पैसे ॲपला असे दोनदा देतो, आणि घरात ब्रॉडबँड नसेल तर पहिला आकडाच जड होतो. एचडी चित्राला तासाला साधारण 3 जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबी देणारा मोबाइलचा रिचार्ज एका चित्रपटालाही पुरत नाही. वर्गणी भरली म्हणजे जाहिराती नाहीत, ही समजूतही आता खरी राहिलेली नाही. प्राइम व्हिडिओने भारतात जून 2025 पासून जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे मागितले.

शिवाय ॲपवर दिसणारी प्रत्येक गोष्ट ॲपच्या मालकीची नसते. बरेच चित्रपट ठरावीक मुदतीच्या हक्कांवर घेतलेले असतात आणि मुदत संपली की ते नाहीसे होतात. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने 23,575 कोटी रुपयांना घेतले आणि भारतातले डिजिटल हक्क व्हायाकॉम18 ने त्याहून थोड्या अधिक रकमेला, म्हणजे 23,758 कोटींना घेतले. सामना तोच, पण तो कुठे पाहायचा हे हक्कांच्या कागदावर ठरले. पुढे या दोन व्यवसायांचे एकत्रीकरण होऊन फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार आले, म्हणून आज हे दोन्ही हक्क एकाच समूहाकडे आहेत.

आता आपल्या घराविषयी. मराठी मालिका एका ॲपवर मिळत नाहीत: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी5 वर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात. आई एकाच वाहिनीच्या मालिका पाहत असतील तर केबल बंद करण्यास हरकत नाही. त्या रिमोटने तीन वाहिन्या फिरवत असतील, तर तीन वर्गण्या भरणे आणि दर वेळी ॲप बदलायला शिकणे, यापेक्षा केबल ठेवलेलीच बरी. मात्र पॅक सोडून त्या तीन-चार वाहिन्या सुट्या घ्याव्यात. आपल्या चित्रपटांसाठी वर्षाची वर्गणी न भरता एका वेळी एकच ॲप महिन्यापुरते घ्यावे, आणि क्रिकेटचे ॲप हंगामापुरतेच. केबलवाल्याने सुट्या वाहिन्या देता येत नाहीत असे सांगितले, तर त्याच्या कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.