अमेरिकेतला पहिला चष्मा घेताना

नुकताच आला आहेस, म्हणून आधीच सांगतो. डोळे तपासून झाले की नंबरचा कागद हातात घेतल्याशिवाय उठू नकोस. तो न मागता, फुकट द्यायचा असा इथला कायदाच आहे. मग चष्मा कुठूनही घे.

मी वॉर्बी पार्करचा घेतो. 2010 मध्ये सुरू झालेली ही कंपनी एक चष्मा विकला की एक गरजूपर्यंत पोचवते. पण पोचवते म्हणजे नेमकं कसं, हे कुठल्याही ब्रँडच्या बाबतीत बघच. त्यांची भागीदार व्हिजनस्प्रिंग ही संस्था आपल्याकडे भारतातही आहे. ती स्थानिक माणसांना डोळे तपासायला आणि अगदी स्वस्तात चष्मे विकायला शिकवते. नुसत्या वाटपापेक्षा मला हे फार पटतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता आला, तर तिची कमाई टिकते! ‘नफ्यातला काही भाग दान’ एवढंच लिहिलं असेल, तर किती आणि कुणाला ते शोध. नाही सापडलं तर सोडून दे.

फ्रेमसाठी जुन्या चष्म्याची काडी आतून बघ. 50-20-145 असे आकडे असतील: भिंगाची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. त्याच्या जवळपासचंच घे. मधला आकडा फार वाढला की चष्मा दिवसभर नाकावरून घसरत राहतो.