जुन्या गाडीच्या आरपीएम मीटरचा काटा उड्या मारतो. मीटर बदलावे का?

तुमची गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिच्या आरपीएम मीटरचा, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा चालत्या गाडीत मध्येच शून्यावर पडतो, कधी विनाकारण वर उसळतो आणि मग तासभर अगदी व्यवस्थित चालतो. अशा वेळी मीटर बदलावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की, मीटरला सर्वांत शेवटी हात लावावा. काटा असा लहरीपणे वागतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मीटरच्या बाहेर, वायरिंगमध्ये असतो.

आधी तुमचे मीटर कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. मागून स्पीडोमीटरसारखी फिरती केबल येत असेल, तर ते यांत्रिक मीटर आहे. त्यात काटा थरथरण्याचे कारण सहसा कोरडी पडलेली किंवा कुठेतरी तीव्र वळलेली केबल हेच असते. केबलला ग्रीस लावताना मीटरकडचे वरचे काही सेंटिमीटर कोरडेच ठेवावे, नाहीतर ते ग्रीस चढत मीटरमध्ये जाते. मीटर विजेवर चालणारे असेल, तर तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरे वाचावीत. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरवर ‘आरव्हीआय’ असेल, तर ते कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या वेटोळ्याकडे, जाणारा करंट ओळखते. ‘आरव्हीसी’ असेल, तर कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरचे व्होल्टेज ओळखते. तुमच्या गाडीच्या काळाचा विचार करता पहिला प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे.

आरव्हीआयची खुबी अशी की, इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर मीटरच्या मागच्या पिकअपमधून, म्हणजे करंट टिपणाऱ्या भागातून, वेटोळे घेऊन पुढे जाते, म्हणजे कॉइलला मिळणारा सगळा करंट मीटरपाशी येऊनच पुढे सरकतो. त्यामुळे तेथील एखादा जोड सैल झाला किंवा गंजला, तर काट्याबरोबर इंजिनही अडखळते. म्हणून काटा पडतो त्या क्षणी इंजिन काय करते, याकडे लक्ष द्यावे. इंजिन मिसिंग मारत (मध्येच ठिणगी चुकून अडखळत) असेल आणि गाडी गिअरमध्ये असूनही काटा एकदम शून्यावर येत असेल, तर बिघाड इग्निशनच्या लो टेन्शन, म्हणजे कमी दाबाच्या विजेच्या बाजूला आहे: पॉइंट्स (कॉइलचा करंट तोडणारा-जोडणारा स्विच), डिस्ट्रिब्यूटरमधील (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातील) बारीक वायर, कॉइलची टोके किंवा मीटरमागचे हे वेटोळे. उलट इंजिन गुदमरत असताना काटा मात्र इंजिनच्या गतीबरोबर हळूहळू खाली येत असेल, तर लो टेन्शन बाजू ठीक आहे असे समजून पेट्रोलच्या पुरवठ्याकडे किंवा प्लगच्या वायरींकडे वळावे. असे मीटर म्हणजे फुकटात मिळालेले निदानयंत्रच आहे.

इंजिन बिनतक्रार चालू असताना फक्त काटा पडत असेल, तर त्याच वेळी इंधनाचा काटा पाहावा. या गाड्यांत फ्यूजमधून येणारी हिरवी वायर मीटर, इंधनदर्शक, इंडिकेटर अशा अनेकांना वीज देते. दोन्ही काटे एकदम पडले, तर फ्यूजची टोके काढून घासावीत. एकटे मीटरच पडले, तर त्याचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी, तपासावे. ते पुष्कळदा मीटरला डॅशबोर्डवर धरून ठेवणाऱ्या पट्टीतून आणि तिच्या नटाखालच्या काळ्या वायरीतून मिळते, आणि पन्नास वर्षांच्या गंजापुढे त्याचा भरवसा राहत नाही. मी स्वतः एका मीटरची दुरुस्ती दोनदा करून घेतली. दोन्ही वेळा ते टेबलावर निर्दोष ठरले आणि गाडीत आल्यावर पुन्हा नाचू लागले. शेवटी दोष निघाला तो डॅशबोर्डमागच्या पांढऱ्या वायरीच्या बुलेट कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या गोळीच्या आकाराच्या जोडात. तो हाताने ओढला तेव्हा वायर अलगद सुटून आली.

आरव्हीआय मीटरमध्ये पांढऱ्या वायरीबद्दलच्या या शंकेची खात्री करणे सोपे आहे. इग्निशन बंद करून मीटरकडे येणारी आणि मीटरकडून जाणारी अशा दोन्ही पांढऱ्या वायरी एकमेकींना थेट जोडाव्यात. आता मीटर वगळले गेले. काटा हलणार नाही, पण इंजिन चालेल. मिसिंग थांबले, तर दोष वेटोळ्यात किंवा त्याच्या जोडांत आहे. परत जोडताना वायरींची दिशा पूर्वीसारखीच ठेवावी, कारण ती उलटली तर चांगले मीटरही काम करीत नाही. मीटर आरव्हीसी असेल, तर कॉइलच्या निगेटिव्ह टोकाकडून त्याच्याकडे येणारी वायर कुठे सोलवटून बॉडीला टेकते का ते पाहावे. ती टेकली की इंजिनच बंद पडते. चालू इंजिनात त्या टोकाला हात लावू नये, कारण तेथे शेकडो व्होल्टचे झटके उसळतात.

वरचेवर काटा उसळत असेल, तर पॉइंट्सचे अंतर तपासावे आणि रेडिओची खरखर कमी करणारा सप्रेसर कोणी चुकून कॉइलच्या पॉइंट्सकडच्या टोकाला तर लावलेला नाही ना, हेही पाहावे. पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर करंटचे रूप बदलते आणि आरव्हीआयला ते नीट ओळखता येतेच असे नाही. अशा वेळी मीटरचे आतले सर्किट बदलून घेणे हा मार्ग असतो.

आतला दोष वेगळा ओळखू येतो. मीटर प्रत्येक ठिणगीमागे ठरावीक रुंदीचा एक स्पंद काट्याकडे पाठवते, आणि ती रुंदी ठरवणारा कपॅसिटर किंवा रेझिस्टर म्हातारा झाला की १००० चे ११०० आणि ३००० चे ३३०० दिसते. ही चूक प्रमाणात असते. त्यात उड्या नसतात. आरपीएम दाखवणाऱ्या टायमिंग लाइटशी (ठिणगीच्या वेळेला चमकणाऱ्या तपासणी दिव्याशी) ताडून पाहिले की ती लगेच कळते.

एवढे करूनही मीटर बदलायची वेळ आली आणि जुनेच मीटर विकत घेणार असाल, तर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. सहा सिलिंडरसाठी जुळवलेले मीटर तुमच्या चार सिलिंडरच्या इंजिनवर ३००० ऐवजी २००० दाखवील, कारण एका फेरीत त्याला तीन ठिणग्यांची अपेक्षा असते आणि मिळतात दोनच. तसेच त्या काळात काही गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे त्यांच्या बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. त्यांचे मीटर निगेटिव्ह अर्थच्या गाडीला तसेच जोडले, तर आतले ट्रान्झिस्टर जळू शकतात.