सुई दिसली की घेरी

प्रश्न : मी ३४ वर्षांची, इस्लामपूरला शिक्षिका आहे. रक्त तपासायचं म्हटलं की हातपाय गार पडतात, सुई टोचली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागे लॅबमध्येच पडले. आता थायरॉईड तपासायचंय, पण मी चालढकल करतेय. सासूबाई म्हणतात, 'अंग सैल सोड.' त्यानं उलट जास्तच गरगरतं.

उत्तर : सासूबाईंचा सल्ला मायेचा, पण नेमका तुमच्या भीतीला लागू पडत नाही. पाल, उंची, लिफ्ट यांच्या भीतीनं रक्तदाब चढतो. रक्त-सुईच्या भीतीत तो आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. (माझ्याकडे सहा फुटी पैलवानही याच तक्रारीनं येतात!)

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यासह मांडलेली पद्धत बरोबर उलटी आहे. खुर्चीत बसून मुठी, दंड, पोट, मांड्या आवळा. १०-१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग ताण सोडा, पण पार ढिल्या पडू नका. अर्ध्या मिनिटानं पुन्हा, असं पाच वेळा. रोज करा. सवय झाली की सिरिंजचा फोटो बघत करा, नंतर कुणाच्या तरी सोबतीनं लॅबमध्ये बसून. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

तपासणीच्या दिवशी टोचायचा हात तेवढा सैल, बाकी अंग आवळलेलं. आणि टेक्निशियनला आत गेल्या गेल्या सांगा, "मला घेरी येते, झोपवूनच रक्त घ्या." त्यांना यात नवं काही नसतं.