आयव्हसच्या पडद्याला लगेच भुलू नको

बाबू, यवतमाळकडच्या खेड्यातून थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासायच्या खोलीत आलास, आयव्हसचा, म्हणजे धमनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीचा पडदा पाहून हरखणारच. पण मोजण्याआधी चित्र तपास. फिरत्या कॅथेटरात, म्हणजे धमनीत घालायच्या बारीक नळीत, सलाईनने फ्लश करताना हवेचा बुडबुडा राहिला की चित्र काळवंडतं. वळणदार धमनीत कॅथेटर अडखळलं, तर चित्राचा एक भाग ताणला जातो. मी एकदा तेच आजार समजून सरांना सांगून बसलो होतो, काय बोलणी खाल्ली बाप्पा! कॅल्शियम पांढरंशुभ्र चमकतं आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. त्याची जाडी विचारली तर ‘दिसत नाही’ म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. आजारी भागाची लांबी मात्र कॅथेटर मोटरने, ठरावीक वेगाने (जसं सेकंदाला ०.५ मिमी) ओढलं असेल तरच सांग. हाताने ओढलेल्यावर नको.