गुलमर्गला काढलेल्या फोटोंत बर्फ करडा का येतो? एक्स्पोजर किती ठेवावं?

लख्ख ऊन असूनही बर्फ मळकट आला, माणसांचे चेहरे काळवंडले, म्हणून कॅमेरा दुरुस्तीला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात देऊ नका, कॅमेरा ठणठणीत आहे.

समोरचं दृश्य सरासरी १८ टक्के प्रकाश परत फेकतंय असं धरून कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर हिशेब करतो. रस्ता, झाडं, घरं यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. एवढा उजेड दिसला की मीटर एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतलेला प्रकाश, खाली ओढतो आणि पांढऱ्याचा करडा होतो. हा फरक दोन स्टॉपांहून किंचित जास्त भरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा हिशेब आपण स्टॉपांमध्ये कमीजास्त करायची सोय, अधिककडे न्यायचं. पण 'बर्फ म्हणजे +२' असं पाठ करू नका. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उघड्या उतारावर फ्रेमभर बर्फच असेल तर +१.७ किंवा +२ लागतं. खाली गुलमर्गमध्ये अर्धी फ्रेम गडद सूचिपर्णी झाडांनी भरलेली असते, तिथे +०.७ पुष्कळ झालं. तिथेही +२ दिलंत तर बर्फातला सगळा तपशील जळून निव्वळ पांढरा होईल, आणि जळालेला भाग रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) परत मिळत नाही.

किती द्यायचं हे स्क्रीनवरचा फोटो बघून ठरवू नका. बर्फाच्या झगझगाटात डोळे दिपलेले असतात, चांगला फोटोही अंधारा वाटतो. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख. बर्फाचा उंचवटा उजवीकडे हवा, पण उजव्या कडेला चिकटलेला नको. जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवणारा हायलाइट अलर्ट चालू ठेवा. बर्फाचे चमकणारे कण तेवढे लुकलुकले तर खुशाल लुकलुकू देत. अख्खा उतार लुकलुकायला लागला की एक तृतीयांश स्टॉप कमी करा.

माझ्या मते खरी मजा सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर आहे. तिरप्या उन्हात स्लेजच्या चाकोऱ्या, वाऱ्याने उमटवलेल्या लहरी, एकेका पावलाचा खड्डा सावलीमुळे उठून दिसतो. भर दुपारी तोच उतार सपाट कागद होतो, मग एक्स्पोजर कितीही अचूक असो. सावल्या निळसर येतील, कारण त्यांच्यावर फक्त आकाशाचा उजेड पडतो. व्हाइट बॅलन्सने (रंगछटा जुळवणाऱ्या सेटिंगने) तो निळेपणा पार पुसू नका, गारवा त्यातच आहे.

माणसांसाठी स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेमच्या लहानशा भागापुरतं मोजमाप, चेहऱ्यावर घ्या किंवा थोडा फ्लॅश मारा. मोबाइलवर फोकसला टॅप करून शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा, काम होतं.

आधी काढलेले फोटो रॉमध्ये असतील तर एडिटिंगमध्ये दीड स्टॉप सहज वर येतील. जेपेगमध्ये तेवढी मुभा नाही. आणि श्रीनगरला उतरलात की कॉम्पेन्सेशन आठवणीने शून्यावर आणा, बहुतेक कॅमेऱ्यांत ते आपोआप जात नाही.