दोन्ही जुन्या स्पीकरमध्ये ट्वीटर उजवीकडेच आहे. डावा-उजवा कसा ठरवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: सांगलीत गावभागातल्या एका घरातून स्पीकरची जुनी टू-वे जोडी घेतली, ८ इंची वूफर (जाड आवाजाचा मोठा भोंगा), वर ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा), पण दोन्ही पेट्यांत ट्वीटर उजव्या बाजूला आहे. एक पेटी उलटी ठेवू का, की सुताराकडून डावीकडे नवीन भोक पाडून घेऊ?

दोन्ही नको. तुमची जोडी बहुधा मुळातच अशी आहे. त्या काळी अनेक कंपन्या सगळ्या पेट्या एकसारख्याच काढत, कारण पुढची फळी एकाच मापाची कापायची आणि सुटी पेटीही विकता यायची. आरशातल्यासारखी डावी-उजवी जोडी ठरावीक मॉडेलना मिळायची, उदाहरणार्थ १९७४ सालची यामाहा एनएस-१०००एम किंवा १९७८ सालची एनएस-१०एम. ओळखताना जाळीवरच्या बिल्ल्यावर जाऊ नका, जाळ्या हातोहात बदललेल्या असतात. जाळी काढून फळी बघा, आणि मागच्या लेबलवर एल किंवा आर आहे का ते बघा.

ट्वीटर मधोमध का लावत नसत? मधोमध लावला तर दोन्ही कडा सारख्या अंतरावर येतात आणि कडांवरून परतणारा आवाज एकाच फ्रिक्वेन्सीवर जोर करतो. थोडा सरकवला की तो त्रास विखुरतो.

आता तुमच्या जोडीत नेमकं काय बिघडतं ते बघा. ट्वीटर वूफरच्या मध्यरेषेपासून ८ सेंमी बाजूला आहे आणि क्रॉसओव्हर (जाड आवाज वूफरकडे, बारीक ट्वीटरकडे वाटणारं सर्किट) २००० हर्ट्झला आहे असं धरू. पेट्या सरळ समोर तोंड करून ठेवल्या आणि तुम्ही ३० अंशांवर बसलात, तर डावीकडच्या पेटीचा ट्वीटर तुम्हाला वूफरपेक्षा ४ सेंमी जवळ पडतो, उजवीकडचा ४ सेंमी लांब. २००० हर्ट्झची लहर १७ सेंमीची, म्हणजे ४ सेंमी हा जवळजवळ पाव लहरीचा फरक. जुन्या साध्या क्रॉसओव्हरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांच्यात आधीच पाव लहरीचा फरक असतो. त्यामुळे एका पेटीत दोघं जुळतात आणि दुसरीत एकमेकांना मारतात. ऐन मानवी आवाजाच्या पट्ट्यात खड्डा पडतो आणि गायक मध्यभागी न राहता पसरतो.

यावरचा उपाय फुकट आहे. दोन पेट्यांमध्ये २ मीटर, तुमच्यापासून प्रत्येकीपर्यंत २ मीटर ठेवा आणि दोन्ही पेट्या थेट तुमच्या तोंडाकडे वळवा. खुर्चीत बसल्यावर पेटीची ना आतली बाजू दिसली पाहिजे, ना बाहेरची. कोन शून्य झाला की ते ४ सेंमीच उरत नाहीत. ट्वीटर कानाच्या उंचीला, जमिनीपासून ९० ते १०० सेंमीवर आणा. पेटी उलटी केली तर ट्वीटर डावीकडे जाईल खरा, पण खाली जाईल. मग उभ्या दिशेने तोच घोळ. नवीन भोक पाडलं तर जुनं बुजवावं लागतं, फळी कमजोर होते आणि जोडीची किंमतही जाते.

पुढे कधी आरशातली जोडी मिळाली, तर पेट्यांतलं अंतर दोन मीटरच्या आत असेल तेव्हा ट्वीटर बाहेर ठेवून ऐका, जास्त असेल तर आत. बाजूची भिंत जवळ असेल तर मला आतच बरे वाटतात, भिंतीवरून परतणारा तिखट आवाज कमी होतो. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर समोर जाड सतरंजी टाकाच.

तपासायला जुन्या मोनो (दोन्ही पेट्यांत एकच आवाज) नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावा. आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधून, एका बिंदूतून आला पाहिजे. एका बाजूला ओढला जात असेल तर आधी अँप्लिफायर बंद करून त्याच्या मागे स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरी आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष अँप्लिफायरचा किंवा त्याआधीचा. तिथेच राहिली तर पेट्यांच्या जागा बदला. पेटीबरोबर ओढ सरकली तर कमी वाजणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या पेटीत ट्वीटरचा कपॅसिटर उतरलेला असेल किंवा मागचा लेव्हल कंट्रोल गंजलेला असेल. कपॅसिटर बदलाल तर दोन्ही पेट्यांत एकदम, त्याच मूल्याचा आणि बायपोलरच (धन-ऋण बाजू नसलेला).

पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणी, तपासायला वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. लाल टर्मिनलला धन लावल्यावर कोन (वूफरचा कागदी पडदा) बाहेर आला पाहिजे. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, तो दोष नव्हे. ट्वीटरला सेल लावू नका. त्याच्या वायरी उलट्या दिसल्या तरी सरळ करायला जाऊ नका, कित्येकदा त्या मुद्दाम उलट्या जोडलेल्या असतात. दोन्ही पेट्यांत जोडणी सारखी आहे एवढंच बघा.

स्क्रू काढताना कोनवर पुठ्ठा धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हर असा खेचतो की टोक थेट कागदातून आरपार जातं. आणि घर गावभागातलं आहे म्हणून पेटीचा तळ बोटांनी दाबून बघा. २०१९ च्या पुराचं पाणी प्यायलेली भुशाची फळी फुगून भुसभुशीत होते. तसं असेल तर आधी फळी बदला, बाकीचं नंतर.