क्वेरी कॅन्सल केली तरी चालूच राहते, कधी भलतीच क्वेरी मरते, असं का होतं?

तुम्ही विचारलंय की पोस्टग्रेस या डेटाबेसवर मोठा रिपोर्ट चालू असताना 'रद्द करा' दाबलं तर कधी काहीच होत नाही आणि कधी दुसरीच क्वेरी उडते. हे आम्ही अगदी असंच भोगलंय. नाशिकला अंबडमध्ये ऑफिस आहे, द्राक्षाच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर बघतो. ऐन मार्चमध्ये एका ऑपरेटरने रिपोर्ट रद्द केला आणि शेजारच्या टेबलावर पावती सेव्ह होईना, लॉगमध्ये एरर ५७०१४, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला दिलेलं काम) कॅन्सल झाली. शेतकरी पिकअप बाहेर लावून पावतीसाठी ताटकळत उभा, आणि ती पावती तर कोणीच रद्द केली नव्हती. फार वाईट वाटलं.

कारण असंय, पोस्टग्रेसमध्ये चालू कनेक्शनवरून कॅन्सल जातच नाही. कनेक्ट होताना सर्व्हर प्रोसेस आयडी आणि एक गुप्त की देतो, कॅन्सल करायचं तर वेगळं कनेक्शन उघडून तेच दोन पाठवायचे. त्यात कुठली क्वेरी हे कुठेच नसतं! सर्व्हर की जुळवतो, त्या प्रोसेसला सिग्नल देतो आणि हो-नाही काहीच न सांगता कनेक्शन बंद करतो. तेवढ्यात रिपोर्ट आपोआप संपला असेल आणि कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन्स) परत गेलं असेल तर सिग्नल लागतो त्याच्यावर नव्याने आलेल्या क्वेरीला, आमची पावती अशीच गेली, कारण आम्ही कॅन्सल दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) सोडून, ते पूर्ण व्हायची वाट न बघता मोकळे होत होतो.

म्हणून कॅन्सलवालं कनेक्शन सर्व्हरने बंद करेपर्यंत थांबा, आणि मूळ कनेक्शनवर ५७०१४ किंवा पूर्ण निकाल येऊन 'रेडी फॉर क्वेरी' हा सर्व्हरचा 'पुढची क्वेरी द्या' असा निरोप मिळेपर्यंतही थांबा, दोन्ही झाल्याशिवाय ते पूलमध्ये टाकू नका.

काहीच होत नसेल तर मधे लोड बॅलन्सर (कनेक्शन्स अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) आहे का बघा, कॅन्सलचं नवीन कनेक्शन भलत्याच सर्व्हरला गेलं की तिथे की जुळत नाही आणि एररही येत नाही. स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर क्वेरी आपोआप थांबवणारी सेटिंग, लावून ठेवाच. आणि लिबपीक्यू (पोस्टग्रेसला जोडणारी सी लायब्ररी) १७ च्या आधीचं असेल तर एसएसएल (एन्क्रिप्शन) असूनही कॅन्सल उघडंच, एन्क्रिप्ट न होता जायचं, १७ मध्ये त्यासाठी नवीन फंक्शन्स आलीत, ती वापरा.

तपासायला पीजी स्लीपने (पोस्टग्रेसचं नुसतं थांबून राहणारं फंक्शन) १ सेकंदाची क्वेरी लूपमध्ये चालवा आणि बरोबर १ सेकंदाच्या आसपास कॅन्सल मारत राहा, चूक असेल तर पुढच्या क्वेरीवर ५७०१४ दिसेल.